‘मंग डाक्टर कोन शे?’ : रुग्णालयातील सत्ता आणि डॉक्टरचे स्वातंत्र्य

वडील ओट्यावरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचललेला माणूस. दवाखान्याची पायरी त्यांनी फारशी चढलेली नव्हती. आमच्या भागातल्या एका खासगी रुग्णालयात त्यांना नेले. शासनाची योजना तेथे चालते, एवढे ऐकून होतो. हाडांचे डॉक्टर तरुण होते. एक्स-रे पाहून म्हणाले, ‘सर, ऑपरेशन लवकर झाले पाहिजे. या वयात माणूस अंथरुणाला खिळला की छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात. उद्या सकाळी घेऊ.’ सकाळ झाली तेव्हा कळले की मंजुरी आलेली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक कागद मागितला गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. डॉक्टर रोज फेरीला येत, वडिलांच्या पायाला लावलेले वजन पाहत आणि मान खाली घालून पुढच्या खाटेकडे जात. वडिलांनी मला विचारले, ‘डाक्टर काय म्हनस?’ मी सांगितले, डॉक्टर तयार आहेत, वरून परवानगी यायची आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मंग डाक्टर कोन शे?’

मग डॉक्टर कोण आहे? अक्षरशत्रू माणसाच्या या साध्या प्रश्नाला माझ्यासारख्या पदवीधर मुलाजवळ उत्तर नव्हते. ज्याच्या अंगात पांढरा कोट आहे तो निर्णय घेत नाही. जो निर्णय घेतो तो दिसत नाही. पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. वडील आता काठी घेऊन चालतात. परंतु प्रश्न मागे राहिला. आपल्या वस्त्यांतील माणसांचे जगणे-मरणे ज्या रुग्णालयांशी बांधलेले आहे, तेथे सत्ता नेमकी कोणाच्या हाती असते, हे कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे, असे मला वाटते. त्यासाठी हा लेख.

सत्तेचे तीन थर

डॉक्टरी हा एक ‘व्यवसाय’ आहे, परंतु दुकानदारी या अर्थाने नव्हे. समाज काही लोकांना विशेष ज्ञान घेऊ देतो, माणसाच्या अंगाला सुरी लावण्याचा अधिकार देतो आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून एक वचन घेतो, की हा अधिकार रोग्याच्या हितासाठी वापरला जाईल. एलियट फ्रीडसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वैद्यकीय व्यवसायाचा अभ्यास करून दाखवले, की आपल्या कामावर आपलेच नियंत्रण असणे, बाहेरच्या कोणी त्यात ढवळाढवळ न करणे, हे या व्यवसायाचे मुख्य लक्षण आहे. यालाच व्यावसायिक स्वायत्तता म्हणतात. या स्वायत्ततेच्या आड व्यवसाय आपल्याच दोषांकडे डोळेझाक करू शकतो, हेही त्याने दाखवले होते.

या स्वायत्ततेसमोर रुग्णालयाचे व्यवस्थापन उभे असते. ही सत्ता तीन थरांत वेगळी करून पाहिली म्हणजे गोंधळ कमी होतो. पहिला थर चिकित्सेचा : कोणता रोग, कोणती तपासणी, कोणते औषध, शस्त्रक्रिया करायची की नाही. दुसरा थर कामाच्या अटींचा : नेमणूक, पगार, बदली, किती तास, किती रोगी. तिसरा थर साधनांचा : खाटा, औषधे, यंत्रे, परिचारिका, सफाई. पहिला थर डॉक्टरचा आणि उरलेले दोन व्यवस्थापनाचे, अशी वाटणी कागदावर असते. प्रत्यक्षात ज्याच्या हातात दुसरा आणि तिसरा थर आहे, तो पहिल्या थरावरही राज्य करतो. औषधच नसेल तर ते लिहिण्याचे स्वातंत्र्य काय कामाचे? आणि नोकरी दर अकरा महिन्यांनी संपत असेल, तर ‘ही तपासणी अनावश्यक आहे’ असे मालकाला सांगण्याचे धैर्य कोठून येणार?

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. १९८३ हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सर रॉय ग्रिफिथ्स यांच्या अहवालाने व्यावसायिक व्यवस्थापक आणण्याची शिफारस केली. हे गृहस्थ एका मोठ्या किराणा दुकानांच्या साखळीचे संचालक होते. त्याच वर्षी अमेरिकेने वृद्धांच्या सरकारी विम्यात आजारागणिक ठरावीक रक्कम देण्याची पद्धत सुरू केली. रोगी किती दिवस राहिला यापेक्षा त्याच्या आजाराला कोणता दर लागतो, हे महत्त्वाचे झाले. आणि त्याच वर्षी चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, अपोलोचे पहिले रुग्णालय उघडले व आपल्या देशात कंपनीने चालवलेल्या रुग्णालयांचे युग सुरू झाले.

स्वातंत्र्य कोणासाठी?

पूर्वी डॉक्टर स्वतंत्र होता, आता व्यवस्थापकाने त्याला बांधले, अशी हळहळ अनेक डॉक्टर व्यक्त करतात. ती खोटी नाही. परंतु आपण ती जशीच्या तशी उचलू नये. पूर्वीचा तो स्वतंत्र डॉक्टर आपल्याशी कसा वागत होता, हे आपल्याला ठाऊक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. १९२९ सालची ही घटना. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, फीची हमी घेतली, तेव्हा तो आला. पण रोग्याला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने तिला हात न लावता औषध दिले. ती बाई वाचली नाही.

त्या डॉक्टरवर कोणी व्यवस्थापक नव्हता, कोणती विमा कंपनी नव्हती. तो पूर्णपणे स्वायत्त होता. त्याच्या स्वायत्ततेने एका बाईचा जीव घेतला. म्हणून डॉक्टरच्या स्वातंत्र्याची भाषा आपण करायची ती एका अटीवर : हे स्वातंत्र्य डॉक्टरच्या मालकीचे नाही. ते रोग्याचे आहे आणि रोग्याने ते विश्वासाने डॉक्टरकडे ठेवायला दिले आहे. रोग्याच्या हितासाठी डॉक्टर मालकापुढे, मंत्र्यापुढे, विमा कंपनीपुढे उभा राहतो, तेव्हा त्याचे स्वातंत्र्य आपण राखले पाहिजे. रोग्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी तो तेच स्वातंत्र्य पुढे करतो, तेव्हा आपण त्याला जाब विचारला पाहिजे. पुढचे सारे विवेचन या एका कसोटीवर घासून पाहावे.

हात मोकळे, पण रिकामे

आपल्या भागातील सरकारी रुग्णालयांकडे पाहू. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सर्वोपचार रुग्णालय, तसेच जळगावचे ‘सिव्हिल’, जे २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर त्याला जोडले गेले. साक्रीच्या, शिरपूरच्या, यावल-रावेरच्या, चोपड्याच्या गोरगरिबांची शेवटची धाव येथपर्यंतच असते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारचे आदिवासीही धुळ्याला येतात.

येथे डॉक्टरला कोणी ‘एवढी कमाई करून दे’ असे सांगत नाही. चिकित्सेच्या निर्णयात तो खासगीतल्या डॉक्टरपेक्षा मोकळा असतो. मात्र साधने त्याच्या हाती नसतात. पदे भरायची ती मुंबईहून. औषधांची मोठी खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे गेली. पुरवठा वेळेवर होत नाही अशी ओरड राज्यभर झाली आणि २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळे प्राधिकरण स्थापणारा कायदा करावा लागला. या सगळ्या काळात खाटेवरच्या रोग्याच्या नातेवाइकाला ‘हे बाहेरून आणा’ असे सांगण्याचे काम मात्र डॉक्टरकडे आणि सिस्टरकडेच होते.

याचा परिणाम काय होतो, ते धुळ्याने मार्च २०१७ मध्ये पाहिले. अपघातात डोक्याला मार लागलेला एक रोगी रात्री सरकारी रुग्णालयात आणला गेला. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तेथे नव्हता. कामावरच्या निवासी डॉक्टरने, जो स्वतः हाडांचा डॉक्टर होता, रोग्याला दुसरीकडे हलवा असे सांगितले. जमावाने त्याला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. शासनाने रुग्णालयांत सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन दिले.

मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे. पण आपण मूळ प्रश्न विसरता कामा नये. त्या रात्री मेंदूचा शल्यचिकित्सक तेथे नसावा, हा निर्णय त्या तरुणाने घेतला नव्हता. ज्यांनी तो घेतला, किंवा जो निर्णय घ्यायचा तो घेतला नाही, ते त्या वॉर्डापासून तीनशे किलोमीटर दूर होते. सत्ता दूर असते, पांढरा कोट जवळ असतो; म्हणून फटका कोटाला बसतो. पुढे मागणी झाली ती रक्षकांची. मेंदूतज्ज्ञाची मागणी डॉक्टर आणि नातेवाईक यांनी मिळून केली असती, तर त्या घटनेतून वेगळा धडा निघाला असता.

दुसरी घटना जळगावची, जून २०२० मधली. करोनाच्या साथीत सिव्हिलमध्ये दाखल केलेली ८२ वर्षांची एक वृद्धा बेपत्ता झाली. घरच्यांना सांगितले गेले की ती सापडत नाही. आठ दिवसांनी, १० जूनला, तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात आढळला. अधिष्ठात्यांसह काही जणांचे निलंबन झाले. खाटेवरचा रोगी आठ दिवस दिसत नाही आणि शौचालयाचे दार कोणी उघडून पाहत नाही, ही माणूसपणाची विटंबना आहे. तिच्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. जे वॉर्डात होते त्यांना आपले उत्तरदायित्व टाळता येणार नाही.

तरीही निलंबनाच्या बातमीपाशी आपण थांबू नये. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचे, तेथे प्रमुख सिव्हिल सर्जन. वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, तेथे प्रमुख अधिष्ठाता. साथीच्या काळात सर्वांवर जिल्हाधिकारी. सफाई बहुधा ठेकेदाराकडे. कोणत्या पाळीत, किती खाटांमागे, किती सिस्टर आणि किती सफाई कामगार होते, शौचालय रोज धुतले जाते की नाही याची नोंद कोणी ठेवायची, हे प्रश्न तिसऱ्या थराचे आहेत. अशा प्रश्नांना उत्तर देणारा एक माणूस नसतो. सत्ता वाटलेली असते आणि शिक्षा एकवटलेली. शिक्षा झालेला माणूस बदलतो, वॉर्ड तसाच राहतो.

पैशाची लगाम

खासगी रुग्णालयात चित्र उलटे असते. तेथे साधने आहेत. ती साधने कर्जाने घेतलेली असतात आणि यंत्र रिकामे राहिले तर हप्ता थकतो. म्हणून डॉक्टरच्या निर्णयाला दोन बाजूंनी ओढ लागते. पैसेवाला रोगी आला तर तपासण्या वाढाव्यात ही एक ओढ. गरीब आला तर खर्च कमीत कमी व्हावा किंवा तो दारातूनच परत जावा, ही दुसरी. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. रोगी पाठवण्याबद्दल मिळणारी दलाली, शस्त्रक्रियांचे ठरवून दिलेले उद्दिष्ट, औषध कंपन्यांची पकड यांबद्दल स्वतः डॉक्टरच त्यात बोलले आहेत. ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द आपल्याकडच्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी अशी दलाली निषिद्ध ठरवली आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही झाला. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

गरिबांसाठी तिसरी एक सत्ता आली आहे : योजना. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर हृदयाची, हाडांची, कर्करोगाची शस्त्रक्रिया मोफत होऊ लागली. याचे मोल मी कमी लेखणार नाही. ही योजना नसती तर माझ्या वडिलांच्या खुब्यासाठी आम्हाला घर गहाण टाकावे लागले असते.

पण ती चालते कशी, ते नीट पाहावे. रोगी दारात आला की ‘आरोग्यमित्र’ शिधापत्रिका पाहून नोंद करतो. डॉक्टर निदान लिहितो. एक्स-रे, अहवाल, रोग्याचा फोटो संगणकावरून पाठवला जातो. दूर बसलेले तपासनीस डॉक्टर कागद पाहून पूर्वमंजुरी देतात किंवा शंका काढतात. प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. खोटी बिले, नको असलेल्या शस्त्रक्रिया यांना आळा घालण्यासाठी तपासणी हवीच. गर्भाशये उगाच काढली गेल्याच्या तक्रारी आपल्याच राज्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या आहेत. म्हणून डॉक्टरवर अंकुश नको, असे म्हणणे आपल्या हिताचे नाही.

आक्षेप अंकुशाच्या स्वरूपाला आहे. ज्या डॉक्टरने रोग्याला हात लावून पाहिले त्याचे मत आणि ज्याने फक्त कागद पाहिला त्याचे मत यांत भांडण झाले, तर रोग्याला ते कळतच नाही. उशीर कोणामुळे झाला हे त्याला सांगितले जात नाही. रुग्णालय म्हणते मुंबई, मुंबई म्हणते कागद अपुरे. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे. पण ती आहे हे कोणत्या खाटेवरच्या माणसाला माहीत असते? मी महाविद्यालयात शिकवतो, तरी मला ते नंतर कळले. अज्ञानाचा कर गरीबच भरतो.

कोटाच्या आतली उतरंड

आतापर्यंत आपण डॉक्टर हा एकच वर्ग धरला. तो तसा नाही. आपल्या समाजातून, आदिवासी पाड्यांतून मुले-मुली आता डॉक्टर होत आहेत. राखीव जागेवर शिकलेला पहिला डॉक्टर ज्या घरात येतो, त्या घराला पुढच्या सात पिढ्या उजळल्यासारख्या वाटतात. पण हा डॉक्टर रुग्णालयात शिरतो तेव्हा त्याच्या वाट्याला स्वायत्तता किती येते?

जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचे नाव येथे घ्यावेच लागते. तडवी भिल्ल समाजातील ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून टोचून बोलत, अपमान करत, प्रसूती आणि शस्त्रक्रियेच्या कामापासून दूर ठेवत, असे आरोप कुटुंबीयांनी केले. तीन वरिष्ठांवर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही खटला दाखल झाला. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मला येथे एवढेच दाखवायचे आहे, की शस्त्रक्रियेच्या खोलीत कोण शिरेल, सुरी कोणाच्या हाती दिली जाईल, हे ठरवण्याची सत्ता व्यवसायाच्या आतच असते. तिच्यावर कोणत्याही व्यवस्थापकाचे नाव लिहिलेले नसते. ती ‘सीनियर’च्या तोंडून बोलते. डॉक्टरचे शिक्षण हाताने होते. हाताला काम न देणे म्हणजे ज्ञान न देणे. ही युक्ती आपल्याला नवीन नाही.

वरच्या पदावर पोहोचल्याने ही उतरंड संपते असेही नाही. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. सारा महाराष्ट्र हादरला. ३ ऑक्टोबरला एका खासदाराने रुग्णालयात येऊन प्रभारी अधिष्ठात्यांना हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. त्याचे चित्रण सर्वत्र दाखवले गेले. अधिष्ठात्यांच्या तक्रारीवरून खासदारावर गुन्हा नोंदवला गेला आणि त्यात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलमही लागले.

शौचालय घाण होते, हे खरे. ते साफ करणे हे हलके काम नाही. ज्या हातांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले, त्यांच्यामुळेच ही रुग्णालये उभी आहेत. पण ते काम एखाद्याला सर्वांसमक्ष शिक्षा म्हणून दिले जाते, तेव्हा शिक्षा देणाऱ्याच्या मनातली जातीची शिडी दिसते. त्याला वाटते, माणसाला खाली ओढायचे तर याच पायरीवर आणून सोडावे. रोज ठेकेदाराच्या पगारावर तेच शौचालय धुणाऱ्या कामगाराने ते दृश्य पाहून काय समजावे? औषधखरेदीचा, रिक्त पदांचा, सफाई कामगारांच्या संख्येचा प्रश्न त्या झाडूने एका क्षणात झाकला गेला.

सर्वांत खालच्या पायरीवर कंत्राटी डॉक्टर आहेत. नंदुरबारच्या डोंगरात भरारी पथकांतून हिंडणारे, आरोग्य अभियानातले, अकरा महिन्यांच्या आदेशावर काम करणारे. एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचे बंधपत्र असते. ते मोडायचे तर दहा लाख रुपये दंड. श्रीमंताचा मुलगा दंड भरून मोकळा होतो, गरिबाचा मुलगा सेवा करतो. सेवा करण्यात कमीपणा नाही, ती आपल्याच माणसांची आहे. परंतु ज्याची नोकरी उद्या राहील की नाही याची खात्री नाही, तो साधने नसल्याची तक्रार लेखी देईल, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

कायदा कोठे उभा आहे?

न्यायालयांनी या गुंत्यातील काही धागे सोडवले आहेत. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला १९९२ मध्ये एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तातडीचे उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही शासनाची सबब चालणार नाही. हा निकाल सरळ तिसऱ्या थरावर बोट ठेवतो. १९९५ मध्ये त्याच न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते, ती रुग्णालये तिच्यातून वगळली. म्हणजे सर्वांत गरीब रोग्यालाच ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. २००४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की डॉक्टर पगारी असो वा बाहेरून बोलावलेला, चुकीची जबाबदारी रुग्णालयाला झटकता येत नाही. २००५ मध्ये असेही सांगितले, की प्रत्येक अपयश हा फौजदारी गुन्हा नव्हे. त्यासाठी घोर हलगर्जीपणा दिसला पाहिजे.

हे निकाल एकत्र वाचले तर दिशा कळते. उपचार सद्बुद्धीने करणाऱ्या डॉक्टरला संरक्षण, संस्थेवर जबाबदारी आणि शासनावर साधने पुरवण्याचे बंधन. कायदा येथवर आला आहे. रुग्णालयाचा जिना अजून यायचा आहे.

आपण काय करावे?

वस्तीतला माणूस आजारी पडला की कार्यकर्त्याला बोलावणे येते. आपण जातो, डॉक्टरला दम देतो किंवा हात जोडतो, नगरसेवकाचा फोन लावतो. या तिन्ही गोष्टींनी एका रोग्याचे काम कधी होते, कधी होत नाही. त्याऐवजी काही साध्या गोष्टींची सवय लावावी.

पहिली : उशीर झाला की ‘का’ याआधी ‘कोणाकडे’ हे विचारावे. कोणत्या थरावर अडले? डॉक्टरचा निर्णय झाला आहे का? झाला असेल तर तो केसपेपरवर लिहून मागावा. लिहिलेला निर्णय डॉक्टरच्याही कामी येतो, कारण मग अडवणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. दुसरी : कागद मागावेत. २००२ च्या नियमांप्रमाणे रोग्याने मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात. तिसरी : खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे त्यात आले आहे. ते भिंतीवर आहे का, हे पाहावे. चौथी : सार्वजनिक न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखण्याची योजना उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केली आहे. ती मागावी. पाचवी : सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांवर कोण बसते, त्या कधी भरतात, पैसा कशावर खर्च होतो, हे विचारणारा एकही माणूस आपल्यातून जात नाही. तो जावा.

आणि सर्वांत अवघड गोष्ट : डॉक्टर पुरेसे नेमा, सिस्टर नेमा, सफाई कामगारांना कायम करा, अशी मागणी घेऊन निवासी डॉक्टर रस्त्यावर येतील तेव्हा आपण त्यांच्या शेजारी उभे राहिले पाहिजे, आणि आपल्या बाईला प्रसूतीच्या वेळी खालच्या आवाजात हिणवले जाईल तेव्हा त्यांनी आपल्या शेजारी उभे राहावे, असे त्यांना सांगितले पाहिजे. एकतर्फी मैत्री टिकत नाही.

त्या तरुण डॉक्टरला मी नंतर एकदा भेटलो. ‘तुमच्या वडिलांच्या वेळी मला लाज वाटत होती,’ तो म्हणाला. मी विचारले, ‘मग तसे तुम्ही वर लिहून का कळवले नाही?’ तो म्हणाला, ‘सर, मी लिहिले असते तर तुम्ही माझ्यामागे आला असता का?’

या प्रश्नालाही माझ्याजवळ उत्तर नव्हते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला थोडे थोडे कळू लागले आहे. डॉक्टर कोण, हे एकट्या डॉक्टरने ठरवून भागणार नाही. त्याच्यामागे कोण उभे आहे, यावर ते ठरेल.